शिफारशीशिवाय परत

"हे धनविधेयक विधानसभेकडे शिफारशीशिवाय परत पाठवण्यात येत आहे."

हे वाक्य मी एकतीस वर्षं लिहिलं. दर मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये, आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मंजूर झाल्या की नागपुरातही. मी विधानमंडळात मराठी प्रतिवेदक होते. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, पाळी संपली की खोलीत येऊन टंकायचं आणि "असुधारित प्रत" असा मथळा असलेलं पान पुढे पाठवायचं. माझ्या बऱ्याचशा पाळ्या विधान परिषदेत असायच्या. अर्थसंकल्पावर परिषदेत फार चांगली भाषणं होत. शिक्षक मतदारसंघातून आलेले सदस्य आकड्यांची चिरफाड करत, दुष्काळी तालुक्यांचा हिशोब मांडत. आणि शेवटी, कोणी काहीही बोललेलं असो, हेच वाक्य येई: पैशाचं विधेयक परिषदेनं कोणताही बदल न सुचवता विधानसभेकडे परत पाठवलं.

नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारलं होतं, "काका, परिषदेनं परत पाठवलंच नाही तर?" ते म्हणाले, "चौदा दिवस गेले की दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरतात. कलम १९८." मी विचारलं, "चौदाच का?" ते म्हणाले, "घटनेत आहे म्हणून." आमच्या पुढच्या पाळ्या लागल्या आणि प्रश्न तिथेच राहिला.

निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला सहा महिने राहिले. तिला माहीत होतं मला कुठे जायचंय. एका शनिवारी तिनं वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेची, तिकिटं काढली. कॉमन्सची, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाची, हिरवी बाकं मी चित्रांत पाहिलेली होती, त्यांनी मला काही केलं नाही. पण लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ, सभागृहात शिरल्यावर पाय थबकले. लाल बाकं, मधे लोकर भरलेली ती मोठी लाल बैठक, आणि पलीकडे सोन्यानं मढवलेलं सिंहासन. राजा आजही इथेच येऊन भाषण करतो आणि निवडून आलेल्या सदस्यांना दाराशी उभं राहून ते ऐकावं लागतं. उलट कॉमन्समध्ये मात्र राजाला पाऊल टाकता येत नाही. १६४२ साली पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला स्वतः तिथे घुसला होता, तेव्हापासून सभा चालू असताना कुठलाही राजा आत गेलेला नाही. आपल्याकडे सदस्य अध्यक्षांसमोरचा राजदंड उचलून पळतात तेव्हा वर्तमानपत्रं सहज लिहितात, "राजदंड पळवला". तो शब्द मी स्वतः कितीदा टंकला असेन. त्यातला राजा कोण, हे मला त्या सिंहासनासमोर उभं राहून पहिल्यांदा जाणवलं.

वाट दाखवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे वरिष्ठ सभागृह आहे का? मी म्हटलं आहे, पण पैशाच्या विधेयकाला ते अडवू शकत नाही, फक्त चौदा दिवस ठेवू शकतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक महिना. १९११ पासून." त्या रात्री मी मुलीच्या लॅपटॉपवर त्यांच्या संसदेची जुनी कार्यवृत्तं उघडली आणि पुढचे दोन महिने तेच वाचत बसले.

गोष्ट पेन्शनपासून सुरू होते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे तिला राजे आणि सरदार येऊन मिळाले तरी मुळात ती म्हाताऱ्या माणसांची गोष्ट आहे. १९०८ साली उदारमतवादी सरकारनं सत्तर वर्षांवरच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग द्यायचा कायदा केला. १ जानेवारी १९०९ ला टपाल कचेऱ्यांतून पहिले पैसे वाटले गेले. त्याच वेळी जर्मनीशी स्पर्धा म्हणून प्रचंड युद्धनौकाही बांधायच्या होत्या. तिजोरीत दीड कोटी पौंडांहून जास्त तूट आली. अर्थमंत्री होते डेव्हिड लॉइड जॉर्ज, वेल्समधल्या एका चांभाराच्या घरी वाढलेला माणूस. मामानं त्यांना वाढवलं होतं.

२९ एप्रिल १९०९ ला त्यांनी बजेट मांडलं. भाषण चार तासांहून जास्त चाललं, मधे आवाज बसला म्हणून सभागृह अर्धा तास थांबवावं लागलं. त्याच वर्षी कॉमन्सनं कार्यवृत्ताचं काम स्वतःकडे घेऊन स्वतःचे प्रतिवेदक नेमले होते. म्हणजे शब्दशः नोंद ठेवणाऱ्या पहिल्या तुकडीच्या पहिल्याच वर्षात हे भाषण आलं! त्या टेबलाशी बसलेल्या माणसांची बोटं मला दिसली. एक पाळी संपते, दुसरा येऊन बसतो, आणि बोलणारा थांबत नाही.

बजेटमध्ये मोठ्या उत्पन्नावर जादा कर होता, आणि जमिनीची किंमत मालकानं काही न करता वाढली तर विक्रीच्या वेळी त्या वाढीवर वीस टक्के कर होता. सरदार-उमरावांना सगळ्यात जास्त लागला तो हा दुसरा. पैसे फार जाणार होते म्हणून नव्हे, तर जमिनी मोजल्या जाणार होत्या म्हणून. कोणाकडे किती आहे ते सरकार कागदावर आणणार होतं. बक्लूच्या ड्यूकनं बजेटचं कारण सांगून एका फुटबॉल क्लबची एक गिनीची, म्हणजे पौंडाहून जेमतेम जास्त, वर्गणी बंद केली. ज्याच्याकडे लाखो एकर जमीन आहे त्यानं एका गिनीत काटकसर केली, हे वाचून मला माझ्या आजोळचे सावकार आठवले.

लॉइड जॉर्ज ३० जुलैला लंडनच्या पूर्व भागात, लाइमहाउसला, भाषणाला गेले. तिथे त्यांनी अर्धा मैल खोल कोळशाच्या खाणीत उतरल्याची हकिकत सांगितली. खाली माणसं जीव धोक्यात घालून खणतात आणि वर जमिनीचा मालक दर टनामागे पैसे घेतो. या म्हाताऱ्या खाणकामगारांसाठी काहीतरी द्या म्हणून मालकाच्या दाराशी गेलं तर तो आम्हाला चोर म्हणतो, असा त्यांचा सूर होता. ऑक्टोबरात न्यूकॅसलला त्यांनी विचारलं की बेकारांतून योगायोगानं उचललेली पाचशे माणसं कोट्यवधी लोकांचा निर्णय फिरवणार का?

पाचशे माणसं, म्हणजे लॉर्ड्स. बाप होता म्हणून मुलगा तिथे बसणार, अशी ती सभा. एरवी त्यातले बरेच जण लंडनला फिरकतही नसत, गावाकडे शिकारी करत. बजेट बुडवायला मात्र ते आले. पैशाच्या विधेयकाला लॉर्ड्सनी हात लावू नये असे कॉमन्सचे ठराव सतराव्या शतकातले होते, १६७८ चा प्रसिद्धच आहे. पण तो संकेत होता, कायदा नव्हता. ३० नोव्हेंबर १९०९ च्या रात्री लॉर्ड्सनी बजेट फेटाळलं, ३५० विरुद्ध ७५. लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या पैशाला जन्मानं आलेल्या सभागृहानं कुलूप लावलं. लॉर्ड्समधल्या हुजूर पक्षाचे पुढारी होते लॅन्सडाऊन, आपल्याकडचे माजी व्हाइसरॉय. रीगल सिनेमामागच्या लॅन्सडाऊन रोडवरून मी वर्षानुवर्षं चालले होते, ते हेच.

पंतप्रधान अ‍ॅस्क्विथनी निवडणूक घेतली. जानेवारी १९१० ला निकाल लागला तो दोन मोठ्या पक्षांत जेमतेम दोन जागांच्या फरकाचा. आयरिश आणि मजूर पक्षाच्या सदस्यांवर सरकार टिकलं. लोकांनी कौल दिला म्हणून लॉर्ड्सनी एप्रिलमध्ये बजेट मुकाट्यानं मंजूर केलं. पण आता प्रश्न एका बजेटचा उरला नव्हता. सरकारनं नवं विधेयक आणलं: पैशाचं विधेयक लॉर्ड्स एक महिन्याहून जास्त अडवू शकणार नाहीत, आणि इतर जवळजवळ कुठलंही विधेयक कॉमन्सनं ओळीनं तीन अधिवेशनांत मंजूर केलं तर दोन वर्षांनी ते लॉर्ड्सशिवाय कायदा होईल. बदल्यात कॉमन्सनं स्वतःची मुदत सातावरून पाच वर्षांवर आणली. आपली पाच वर्षं!

आता हे विधेयकही लॉर्ड्सच्याच हातून जायला हवं. स्वतःचे हात बांधायला ते कशाला मत देतील? एकच वाट होती. राजानं सरकारच्या सांगण्यावरून शेकडो नवे उमराव करायचे आणि लॉर्ड्सचं बहुमतच फिरवायचं. सातवा एडवर्ड ६ मे १९१० ला वारला, आणि हा पेच पंचेचाळिशीच्या आतल्या पाचव्या जॉर्जच्या गळ्यात आला. त्याचे दोन खासगी सचिव होते. एक सांगे, सरकारला शब्द द्या. दुसरा सांगे, मुळीच देऊ नका. १६ नोव्हेंबरला राजानं नाखुशीनं गुप्त शब्द दिला: पुन्हा निवडणूक घेऊन सरकार टिकलं तर गरज पडल्यास उमराव करीन. विरोधी पक्षनेते बाल्फोर सरकार बनवायला तयार होऊ शकतात, ही गोष्ट पहिल्या सचिवानं, नोलिसनं, राजापासून लपवली होती. ते त्याला पुढे तीन वर्षांनी कळलं. राजाला सल्ला देणाऱ्या एका माणसानं काय सांगितलं आणि काय गाळलं यावर देशाची घटना हलली. नोंद ठेवण्याच्या कामात आयुष्य गेलं असल्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला. जे बोललं गेलं नाही त्याची नोंद कोणाकडेच नसते.

इथे मला थांबून दुसरी एक गोष्ट सांगायचीच आहे. अ‍ॅस्क्विथनी संसद विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं तो दिवस १८ नोव्हेंबर १९१०. त्याबरोबर स्त्रियांना मर्यादित मताधिकार देणारं विधेयकही बुडालं. त्या दिवशी सुमारे तीनशे बायका संसदेवर चालून गेल्या आणि पोलिसांनी त्यांना तासन्‌तास ढकललं, पाडलं, मारलं. पुढच्या फळीत सोफिया दुलीपसिंग होत्या, महाराजा रणजितसिंहांची नात. जिच्या बापाचं राज्य इंग्रजांनी घेतलं ती राजकन्या इंग्रजांच्या लोकसभेच्या दारात मत मागत उभी होती. "लोकांनी निवडलेलं सभागृह" असं मी वर लिहिलं खरं, पण ते पुरुषांनी निवडलेलं होतं, आणि त्यातल्याही पुष्कळ गरीब पुरुषांना मत नव्हतं. बायकांना कॉमन्सचं कामकाज पाहायचं तर गॅलरीत लोखंडी जाळीआड बसावं लागे. ती जाळी १९१७ मध्ये निघाली. त्या जाळीमागे बसून माझ्या धंद्यातलं काम एखाद्या बाईला करता आलं असतं का, असं त्या सभागृहात उभी असताना सारखं मनात येत होतं.

डिसेंबरच्या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष जवळजवळ बरोबरीत आले. सरकार टिकलं. राजाचा शब्द लागू झाला.

२४ जुलै १९११. अ‍ॅस्क्विथ कॉमन्समध्ये बोलायला उभे राहिले आणि हुजूर पक्षाच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. "गद्दार!" "राजाला कोणी मारलं?" म्हणजे सातव्या एडवर्डला. अर्धा तास पंतप्रधान उभे होते, एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. त्यांची पत्नी मार्गो वर जाळीआड बसली होती. तिनं खाली परराष्ट्रमंत्री ग्रे यांना चिठ्ठी पाठवली, या लोकांपासून त्यांना वाचवा म्हणून. शेवटी अध्यक्षांना सभा तहकूब करावी लागली. हे वाचताना माझ्या छातीत धडधडलं. अशा गोंधळात टेबलाशी बसून मी कित्येकदा कान ताणले आहेत. बोलणाऱ्याचे ओठ हलतात, चार शब्द येतात, पुढचे बुडतात, आणि शेवटी कंसात लिहावं लागतं, "(गोंधळ)". त्या एका शब्दाखाली कोणाच्या तरी तालुक्याचं पाणी, कोणाच्या तरी शाळेचं अनुदान गाडलं जातं. ते लिहिताना मला नेहमी अपराधी वाटायचं.

ऑगस्ट उजाडला तो आगीसारखा. लंडनच्या गोदीत संप चालू, जहाजांवर माल सडतोय. ९ तारखेला ग्रिनिचच्या वेधशाळेत पारा १०० अंश फॅरनहाइटवर गेला. १० तारखेला लॉर्ड्समध्ये शेवटचं मतदान होतं. हुजूर पक्षाचे उमराव फुटले होते. म्हाताऱ्या हाल्सबरींच्या मागे एक गट, जो म्हणत होता शेवटच्या खंदकात मरू पण हटणार नाही. लॅन्सडाऊन आणि बहुसंख्य म्हणत होते, मतच देऊ नका, पाचशे नव्या लोकांची भर पडली तर आपलं सगळंच जाईल. आणि कर्झन, वंगभंगवाले कर्झन, पडद्याआड लोकांना समजावत होते की हवं तर सरकारला मत द्या, पण हे टाळा.

सरकारच्या वतीनं लॉर्ड मोर्ले उभे राहिले. हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे, मोर्ले-मिंटो सुधारणांतलं. त्यांनी खिशातून कागद काढून वाचला: विधेयक दुसऱ्यांदा पडू नये यासाठी लागतील तितके उमराव करायला राजा संमती देईल. कोणीतरी म्हणालं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. विरोधातलं प्रत्येक मत हे ताबडतोब आणि मोठ्या संख्येनं उमराव करण्याच्या बाजूचं मत होईल, असंही बजावलं. रात्री मतविभागणी झाली. १३१ विरुद्ध ११४. सतरा मतांनी विधेयक तगलं. सरकारचे स्वतःचे ८१, दोन आर्चबिशप धरून १३ धर्मगुरू, आणि हुजूर पक्षाचे ३७ उमराव, ज्यांना त्यांच्याच क्लबात त्या रात्री शिव्या बसल्या.

मला त्या ३७ जणांबद्दल फार वाटतं. त्यांना लोकशाही आवडत होती असं मुळीच नाही. त्यांना आपलं घर वाचवायचं होतं. पण त्यांनी मत दिलं, ते मोजलं गेलं, आणि रक्त सांडलं नाही. फ्रान्समध्ये हाच प्रश्न कसा सुटला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मोर्ल्यांना मात्र मी माफ करू शकत नाही. हेच गृहस्थ डिसेंबर १९०८ मध्ये त्याच लॉर्ड्समध्ये म्हणाले होते की या सुधारणांतून हिंदुस्थानात संसदीय पद्धत येणार असेल तर माझा त्यांच्याशी संबंध नाही. ते भारतमंत्री असतानाच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मोर्ले तो कागद दोनदा वाचत होते तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. आणि गोखले? १९०२ पासून ते इम्पीरियल कौन्सिलात दरवर्षी बजेटवर बोलत होते. मिठावरचा कर, लष्कराचा खर्च, सगळं आकड्यांनिशी. पण बजेट रोखायचं मत त्यांच्या हातात नव्हतं. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभरानं ते पडलं, १३ विरुद्ध ३८. लंडनमध्ये निवडलेल्या लोकांना जे अधिकार मिळाले, त्यांतला एकही गोखल्यांपर्यंत पोचला नाही.

ज्या राजानं तो शब्द दिला होता तो त्या मतदानानंतर चारच महिन्यांत, २ डिसेंबर १९११ ला, मुंबईला अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या स्वागताची कमान म्हणजे आपलं गेट वे ऑफ इंडिया. तेव्हा ती बांधलेलीच नव्हती, पुठ्ठ्याचा नमुना उभा केला होता. तिथून हाकेच्या अंतरावर जुनं कौन्सिल हॉल आहे, जिथे पुढे मुंबईचं आणि मग महाराष्ट्राचं विधिमंडळ १९८१ पर्यंत भरत होतं. माझे ज्येष्ठ सहकारी तिथलेच.

आपली घटना लिहिणाऱ्यांनी तो एक महिना घेतला आणि चौदा दिवसांवर आणला. राज्यसभेसाठी कलम १०९, विधान परिषदेसाठी १९८. पेन्शनचे पाच शिलिंग, उन्हाळ्यातलं ते मतदान, सतरा मतं, हे सगळं त्या चौदा दिवसांत आहे.

म्हणून मला अलीकडच्या गोष्टी सोसत नाहीत. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकेका खात्याच्या मागण्या, हजारो कोटींच्या, चर्चेविना गोंधळात मंजूर झालेल्या मी लिहिल्या आहेत. "प्रश्न असा आहे की... होय म्हणणारे... मंजूर." एका पाळीत आठ-आठ खाती. कोणत्याही एका पक्षाला मी नावं ठेवत नाही, बाकं बदलली तरी तेच झालं. जन्मानं आलेल्यांच्या हातून जी तिजोरी मोठ्या कष्टानं काढून घेतली, तिच्यावर निवडून आलेल्यांनी दोन मिनिटंही बोलू नये, याचं मला खरंच दुःख होतं.

मागच्या महिन्यात आमच्या शाखेतल्या एका नव्या मुलीचा फोन आला. तिची परिषदेत पहिलीच अर्थसंकल्पी पाळी होती. म्हणाली, "मॅडम, ते शिफारशीशिवाय परत म्हणजे नक्की काय हो?" मी तिला म्हटलं, "तुझी पाळी किती वाजता आहे? तोवर वेळ असेल तर बस. २९ एप्रिल १९०९ पासून सांगते."